संस्थांचा पत्रव्यवहार आणि सामायिक ईमेल-पेटी

संस्थेचे आयुष्य तिच्या पदाधिकाऱ्यांच्या कारकिर्दीहून दीर्घ असावे, अशी आपणां सर्वांचीच अपेक्षा असते. वाचनालय, नाट्यमंडळ, भजनी मंडळ, माजी विद्यार्थी संघ किंवा साहित्यमंडळाची शाखा, यांपैकी कोणतीही संस्था घेतली तरी तिचे अध्यक्ष व चिटणीस ठराविक मुदतीने बदलतात, कार्यकर्ते नोकरीधंद्यानिमित्त गाव सोडतात, आणि मागे उरते ते तिचे दप्तर. ज्या संस्थेचे दप्तर नीट राहिले, तिला नवा चिटणीस मिळाला की दुसऱ्या दिवसापासून काम सुरू करता येते. ज्या संस्थेचे दप्तर हरवले, तिला दर वेळी नव्याने जन्म घ्यावा लागतो.

हे दप्तर आता लाकडी कपाटात राहिलेले नाही. शासनाची परिपत्रके, अनुदानाच्या अर्जांवरील शेरे, व्याख्यात्यांची संमतिपत्रे, देणगीदारांच्या विचारणा, संमेलनाची निमंत्रणे, हे सारे आज ईमेलने येते. आणि बहुतेक ठिकाणी ते येते कोणा एका व्यक्तीच्या खाजगी खात्यावर. चिटणीसांनी कामाच्या निकडीपोटी आपला स्वतःचा पत्ता दिलेला असतो. त्यांची मुदत संपते, अथवा त्यांची बदली होते, आणि पुढील दोन वर्षांचा पत्रव्यवहार त्यांच्याच खात्यात साचत राहतो. अनुदानाच्या अर्जात एक दाखला कमी असल्याचे कळविणारे पत्र तेथेच पडून राहते व मुदत टळते. एखादे निवृत्त शिक्षक आपला आयुष्यभराचा ग्रंथसंग्रह वाचनालयास देऊ इच्छितात. महिनाभर उत्तर येत नाही, तेव्हा ते खिन्न मनाने तो रद्दीवाल्याच्या हवाली करतात. यात दुष्टावा कोणाचाच नसतो. व्यवस्था नसते, एवढेच. ही व्यवस्था कशी असावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या परंपरेतील दप्तर

पत्रव्यवहार हा एका व्यक्तीचा नसून अधिकारपदाचा असतो, ही कल्पना मराठी माणसाला नवीन नाही. चिटणीस हा शब्दच मुळी पत्रे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचा वाचक आहे. शिवकालात बाळाजी आवजी यांच्या घराण्याकडे चिटणिशी होती. हेमाडपंताच्या नावाने चालत आलेल्या मेस्तकांत कोणास कसे पत्र लिहावे, कोणता मायना घालावा, याचे नियम सांगितलेले आहेत. आजही प्रत्येक शाळेत आवक-जावक नोंदवही असते: आलेल्या प्रत्येक पत्रास क्रमांक, तारीख, कोणाकडून आले, विषय काय, कोणाकडे सोपविले, उत्तर कोणत्या दिनांकास गेले. मुख्याध्यापक बदलले तरी ती वही शाळेतच राहते. तिचे मोल आपणांस एवढे अंगवळणी पडले आहे की ते जाणवतही नाही.

गोमंतकापुरते बोलावयाचे तर याहून मोठे उदाहरण आपल्या दाराशी आहे. गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने १५९५ साली आपला दप्तरखाना स्थापन करून तो इतिहासकार दियोगु द कोउतु यांच्या हाती सोपविला. लिस्बनहून पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या जहाजांतून राजाची पत्रे येत. ती पत्रे व त्यांस धाडलेल्या उत्तरांच्या नकला एकत्र बांधून ठेवीत. ‘मोन्सोंइश’ अथवा मान्सूनची पुस्तके या नावाने हे ग्रंथ प्रसिद्ध आहेत. शेजारी राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराचे ग्रंथ निराळे. आलेले पत्र आणि त्याचे उत्तर एका जागी, ही त्या मांडणीतील लक्षात घेण्याजोगी गोष्ट होय. व्हाइसरॉय आले आणि गेले, पुस्तके राहिली. म्हणूनच डिचोलीला लागून असलेल्या सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले गावचे सुपुत्र डॉ. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांना त्या दप्तराच्या आधारे पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा करता आला. हीच पत्रे प्रत्येक अधिकाऱ्याने मुदत संपताच आपल्या पेटाऱ्यात घालून मायदेशी नेली असती, तर आपला इतिहास तेवढ्याने दरिद्री झाला असता. आपल्या गावच्या संस्थेचा पत्रव्यवहार तेवढ्या तोलाचा नसेल. परंतु त्या गावच्या सांस्कृतिक जीवनाचा तोच एक लेखी पुरावा असतो.

ईमेलचे स्वरूप

रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीस संदेश धाडला आणि पत्त्यात ‘ॲट’ या चिन्हाची योजना केली. चिन्हाच्या अलीकडे व्यक्ती, पलीकडे तिचे ठिकाण, अशी ती रचना होती. भारतात सर्वसामान्य जनतेस इंटरनेट उपलब्ध झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या द्वारे.

प्रारंभीची एक प्रचलित पद्धत अशी होती की, पत्र मध्यवर्ती संगणकावरून वाचणाऱ्याच्या संगणकावर उतरवून घ्यावयाचे. मग ते तेथेच राहावयाचे. जणू पोस्टातून पाकीट आणून घरच्या खणात ठेवले. ही पद्धत एकट्यास सोयीची, पण चार जणांस निरुपयोगी. १९८६ साली मार्क क्रिस्पिन यांनी ‘आयमॅप’ नावाची दुसरी पद्धत रचिली. तीत पत्र मध्यवर्ती ठिकाणीच राहते आणि ते वाचले गेले, त्यास उत्तर गेले, ते महत्त्वाचे आहे, अशा खुणाही पत्रासमवेत तेथेच राहतात. त्यामुळे एकाने सकाळी वाचलेले पत्र दुसऱ्यास सायंकाळी ‘वाचलेले’ असेच दिसते. अनेकांनी मिळून एक पेटी सांभाळणे या खुणांमुळे शक्य झाले. पुढे १९९७ साली इंटरनेटच्या नियमकर्त्यांनी असाही संकेत लेखी केला की, माहिती, तक्रार, व्यवस्था अशा कामांसाठी व्यक्तीच्या नावाऐवजी कामाच्या नावाचे पत्ते असावेत. आपल्या चिटणिशीचेच हे तत्त्व. ते निराळ्या वाटेने तेथे पोहोचले.

पत्ता आणि किल्ली

पहिली गोष्ट अर्थातच संस्थेच्या नावाचा स्वतंत्र पत्ता. त्यात कोणाही व्यक्तीचे नाव, टोपणनाव वा जन्मवर्ष असू नये. पत्ता एकदा ठरला की तो संस्थेच्या पत्रशीर्षावर, पावतीपुस्तकावर, सूचनाफलकावर आणि शासनदरबारी नोंदविलेल्या कागदांवर एकसारखा असावा.

दुसरी गोष्ट किल्लीची, म्हणजे पासवर्डाची. एकच पासवर्ड पाच जणांना सांगून ठेवणे ही सर्वत्र आढळणारी, पण सर्वथा त्याज्य रीत आहे. पाचांपैकी कोणी काय केले हे त्यामुळे कळत नाही, आणि एक जण गेला की चौघांचीही किल्ली बदलावी लागते. यावर उपाय आहे. जीमेलसारख्या सेवेत खातेधारकास आपली पेटी वाचण्याचा व तीतून उत्तर धाडण्याचा अधिकार पासवर्ड न सांगता दुसऱ्यास देता येतो. मोफत खात्यात असे दहा प्रतिनिधी नेमता येतात. प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या खात्यातून आत यावयाचे व संस्थेची पेटी उघडावयाची. प्रतिनिधीस पासवर्ड बदलता येत नाही, आणि त्याची मुदत संपली की एका क्षणात त्याचा अधिकार काढून घेता येतो. देवळाच्या भांडारगृहाची किल्ली एकाकडे, पण पूजेस आत जाण्याची मुभा ठरलेल्या सर्वांना, असाच हा प्रकार आहे.

मूळ किल्ली मात्र कोणाकडे तरी असलीच पाहिजे. ती अध्यक्ष व चिटणीस अशा दोघांपाशी असावी. पासवर्ड कागदावर लिहून मोहोरबंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत ठेवावा. खात्यास दुहेरी पडताळणी जोडावी, म्हणजे केवळ पासवर्ड चोरून कोणास आत शिरता येणार नाही. आणि विसरलेला पासवर्ड परत मिळविण्यासाठी जो दूरध्वनी क्रमांक नोंदविलेला असतो तो कोणाचा आहे, हे दर वर्षी तपासावे. बहुतेक संस्था बुडतात त्या याच खडकावर: क्रमांक ज्यांचा, ते गृहस्थ गाव सोडून गेलेले असतात आणि तो क्रमांकही बंद पडलेला असतो.

आणखी एक इशारा येथे देणे अवश्य आहे. गूगलने २०२३ साली असा नियम केला की, ज्या व्यक्तिगत प्रकारच्या खात्यात दोन वर्षे कोणी प्रवेश केलेला नाही ते खाते आतील सर्व पत्रांसह काढून टाकण्यात येऊ शकते. त्या वर्षाच्या डिसेंबरपासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. लहान संस्थांची मोफत खाती याच प्रकारात मोडतात. वाळवीलाही एक दप्तर खाण्यास काही वर्षे लागतात. येथे एका नियमाने ते निमिषात नाहीसे होते. ज्या संस्था केवळ वार्षिक उत्सवापुरत्या जाग्या होतात, त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

हे पत्र कोणाचे?

पेटी सामायिक झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. किंबहुना खरी अडचण तेथेच सुरू होते. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, हा सार्वजनिक जीवनाचा अनुभव आहे. चार जण पत्र वाचतात. प्रत्येकास वाटते, दुसरा उत्तर देईल. आणि पत्र अनुत्तरित राहते. किंवा याच्या उलट, दोघे उत्तर देतात आणि एकाने दिलेली तारीख दुसऱ्याच्या तारखेशी जुळत नाही. सामायिक पेटीचे हे दोन मुख्य दोष. त्यांवर उपाय जुनाच आहे: प्रत्येक पत्रास एक आणि एकच धनी असावा.

यासाठी वारांची पाळी लावावी. सोमवार ते बुधवार एकाने, गुरुवार ते शनिवार दुसऱ्याने दिवसातून एकदा पेटी उघडावी. पाळीवाल्याचे काम सर्व पत्रांस उत्तर देण्याचे नव्हे, तर त्यांची वाटणी करण्याचे. पत्रास चिठ्ठी जोडण्याची जी सोय असते, तीत ज्याच्याकडे पत्र सोपविले त्याचे पद लिहावे: ‘चिटणीस’, ‘खजिनदार’, ‘ग्रंथपाल’. स्थिती दाखविण्यास तीन चिठ्ठ्या पुरेशा आहेत: ‘उत्तर द्यावयाचे’, ‘उत्तराची वाट’ आणि ‘पूर्ण’. पंधरा-वीस चिठ्ठ्यांची आरास मांडणारे उत्साही कार्यकर्ते आम्ही पाहिले आहेत. महिन्याभरात ती आरास त्यांनाच उमगेनाशी होते.

पोच देण्याचा नियम कडक असावा. दोन दिवसांच्या आत प्रत्येक पत्रास किमान दोन ओळींची पोच जावी: आपले पत्र पोहोचले, अमुक पदाधिकारी ते पाहत आहेत, अमुक तारखेपर्यंत उत्तर देऊ. निर्णय काय होईल ते पुढे ठरेल. परंतु आपले म्हणणे ऐकले गेले एवढे समाधान लिहिणाऱ्यास तत्काळ मिळते. वर उल्लेखिलेल्या ग्रंथसंग्रहाच्या दात्यास अशी दोन ओळींची पोच गेली असती, तर ती पुस्तके वाचनालयात असती.

महिन्यातून एकदा, कार्यकारी मंडळाच्या सभेत, ‘उत्तर द्यावयाचे’ या चिठ्ठीखालील पत्रांची यादी वाचून दाखवावी. कोणास दोष देण्यासाठी ती वाचू नये. तथापि आपल्या नावापुढील पत्र तीन सभा तसेच राहिलेले ऐकणे कोणास रुचत नाही, आणि तेवढ्याने कामे होतात असा अनुभव आहे. अनुदान, करार, हिशेब यांसंबंधीची पत्रे छापून फाइलीत लावावीत व आवक-जावक वहीत त्यांचा क्रमांक घालावा. जुनी वही व नवी पेटी यांत स्पर्धा नाही. एकीने दुसरीस साक्ष द्यावयाची आहे.

भाषा आणि सही

संस्थेच्या पेटीतून जाणारे प्रत्येक पत्र संस्थेच्या तोंडचे असते. म्हणून त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव, पद आणि संस्थेचे नाव ही तिन्ही असावीत. केवळ ‘आपला नम्र’ असे लिहून थांबू नये. भाषा मराठी असावी, हे अकादमीच्या सभासदांस सांगावयास नको. एके काळी एका संगणकावरील देवनागरी अक्षरे दुसऱ्यावर चौकोन होऊन उमटत व म्हणून आपण निरुपायाने इंग्रजीचा किंवा रोमन लिपीचा आश्रय करीत होतो. युनिकोड ही सर्व लिप्यांची समान संकेतप्रणाली रूढ झाल्यापासून ती सबब उरलेली नाही. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीस राजभाषेचे स्थान दिले व शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. मराठीत आलेल्या पत्रास मराठीत उत्तर द्यावे, असे शासनाचे धोरण आहे. ज्या भाषेत पत्र आले त्या भाषेत उत्तर जावे, हा सौजन्याचा नियम आपल्या संस्थांनीही पाळावा. कोंकणीत लिहिणाऱ्या शेजाऱ्यास कोंकणीत उत्तर दिल्याने मराठीचे काहीच उणे होत नाही.

लोकांपर्यंत पोहोचणे

आता दुसऱ्या अंगाकडे वळू. पत्रे येतात तशी ती जातातही. कार्यक्रमाची वार्ता गावात पसरविण्यासाठी पूर्वी दवंडी होती, देवळातील फलक होता, घरोघर जाऊन अक्षत देण्याची चाल होती. ईमेलने एकाच वेळी शेकडो घरी निमंत्रण जाते, हे खरे. पण या सुलभतेतच धोका आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या मालाची जाहिरात सुमारे चारशे जणांस न विचारता एकदम धाडली. अनाहूत ईमेलच्या पिडेचा तो आरंभ मानला जातो, आणि त्याविषयी लगेच संतापही व्यक्त झाला.

यास्तव निमंत्रितांची यादी संमतीने तयार करावी. कार्यक्रमास आलेल्यांसमोर एक वही ठेवावी; ज्यांस पुढील वार्ता हवी त्यांनी स्वहस्ते पत्ता लिहावा. नको झाल्यास कळविण्याची ओळ प्रत्येक पत्राच्या शेवटी असावी, व तसे कळविणाऱ्याचे नाव तत्काळ कमी करावे. भारताच्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने (२०२३) हेच तत्त्व घालून दिले आहे: माहिती घेण्यापूर्वी तिचा हेतू सांगावा, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती परत घेता यावी, आणि ही सूचना आठव्या परिशिष्टातील भाषांतही मिळावी. त्या भाषांत मराठीही आहे आणि कोंकणीही. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, हे शिक्षकबंधूंनी व भगिनींनी विशेष लक्षात घ्यावे. शाळेच्या पटावरील पत्ते कार्यक्रमाच्या प्रचारासाठी उचलणे गैर होय.

एकाच पत्राच्या अनेक प्रती धाडताना सर्वांचे पत्ते सर्वांस दिसतील असे करू नये. टंकलेखन यंत्राच्या काळी कार्बन कागदाने प्रती निघत. त्यावरून ‘सीसी’ हे नाव आले. ‘बीसीसी’ म्हणजे इतरांस न दिसणारी प्रत. निमंत्रणे धाडताना पत्ते या दुसऱ्या रकान्यात घालावेत. मोफत जीमेल खात्यातून दिवसास सुमारे पाचशे जणांपर्यंतच पत्रे धाडता येतात. त्याहून मोठी यादी असल्यास ती दोन दिवसांत विभागावी.

निमंत्रणाच्या मजकुरात पहिल्या दोन ओळींत काय, केव्हा, कोठे, एवढे आलेच पाहिजे. आपल्याकडे निमंत्रणाचा प्रारंभ प्रास्ताविकाने होतो आणि वेळ शेवटच्या ओळीत दडलेली असते. डिचोलीहून वा साखळीहून येणाऱ्यास परतीची शेवटची बस सापडेल काय, जिने चढावे लागतील काय, मुलांस आणता येईल काय, या साध्या गोष्टी लिहिल्यास उपस्थिती वाढते. निमंत्रण पंधरा दिवस आधी आणि स्मरणपत्र दोन दिवस आधी, एवढे पुरे.

ज्यांच्याकडे पेटीच नाही

सुर्ल्यासारख्या गावाचा विचार करताना एक गोष्ट विसरता येत नाही. हा खाणपट्टा. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा या भागातील अनेक कुटुंबांची घडी विस्कटली व तरुण रोजगारासाठी बाहेर पडले. या बाहेर गेलेल्यांशी गावच्या संस्थेचा धागा जोडून ठेवण्यास ईमेलसारखे साधन नाही. परंतु गावात राहिलेल्या आजीआजोबांकडे ईमेलचा पत्ता नसतो, आणि कीर्तन-व्याख्यानाचे खरे श्रोते तेच असतात. म्हणून ईमेलने धाडलेले प्रत्येक निमंत्रण मोठ्या अक्षरांत छापून देवळाच्या सभामंडपात, पंचायतीच्या फलकावर आणि दुकानाच्या खांबावर लागलेच पाहिजे. आणि वाड्यावाड्यांतून एकेका कार्यकर्त्याने तोंडी सांगितले पाहिजे. फलकावर एक दूरध्वनी क्रमांक असावा. त्यावर आलेला निरोपही पाळीवाल्याने पेटीत नोंदवावा. लेखी पत्र धाडणाऱ्यास जी पोच, तीच तोंडी निरोप देणाऱ्यास मिळाली पाहिजे. साधन आधुनिक झाले म्हणून जे दूर राहिले त्यांना संस्थेनेही दूर ठेवावे, यासारखा दुसरा अन्याय नाही.

कार्यभार सोपविताना

वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर नवे मंडळ अधिकारावर येते, तेव्हा जमाखर्च, शिक्का व चेकबुक यांच्या हस्तांतरणाची नोंद होते. त्याच कागदावर आणखी चार ओळी वाढवाव्यात: ईमेल-खात्याचा पासवर्ड बदलला; जुन्या प्रतिनिधींचे अधिकार काढले व नव्यांचे दिले; पुनःप्राप्तीचा दूरध्वनी क्रमांक बदलला; ‘उत्तर द्यावयाचे’ पत्रांची यादी नव्या चिटणीसांस दिली. खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात. या कामास अर्धा तास लागतो, आणि पैसा एकही लागत नाही.

आपल्या अकादमीच्या सभासदांपैकी बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या गावच्या संस्थेचे आधारस्तंभ आहेत. आपल्या संस्थेचे टपाल आज नेमके कोणाच्या खात्यावर येते, आणि ती व्यक्ती उद्या नसली तर ते कोण वाचील, हा प्रश्न पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.